पडद्यावर बऱ्हाणपूरचा सूर्य

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बऱ्हाणपुरात सूर्य दिवसातली सर्वांत उंच जागा गाठतो, तेव्हा घड्याळात बारा वाजून एकोणचाळीस मिनिटं झालेली असतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हीच वेळ बारा वाजून नऊ मिनिटांवर येते. वर्षभर बाराच्या ठोक्याला मध्यान्ह अशी इथे एकदाही होत नाही.

याची कारणं दोन. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. बऱ्हाणपूर ७६.२३ अंशांवर, म्हणजे तिथून सव्वासहा अंश पश्चिमेला. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणून इथला सूर्य घड्याळाच्या पंचवीस मिनिटं मागे चालतो. नागपुरात हा फरक चौदा मिनिटांचा आहे, मुंबईत साडेअडतीस मिनिटांचा. दुसरं कारण आकाशातलं. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, त्यामुळे सूर्य वर्षात कधी चौदा मिनिटं मागे रेंगाळतो, तर कधी सोळा मिनिटं पुढे धावतो.

संगणकाच्या पडद्यावर दिवसाबरोबर बदलणारी चित्रं नवी नाहीत. मायक्रोसॉफ्टने १९९७मध्ये ‘अॅक्टिव्ह डेस्कटॉप’ आणला, २००७मध्ये व्हिस्टाच्या सर्वांत महाग आवृत्तीसाठी ‘ड्रीमसीन’ नावाने चक्क व्हिडिओच पडद्यामागे चालवला. अॅपलने २०१८च्या ‘मोहावी’ आवृत्तीत वाळवंटातल्या टेकडीचं चित्र सकाळ-संध्याकाळ बदलतं ठेवलं. लिनक्सवरच्या जीनोम डेस्कटॉपच्या अनेक आवृत्त्यांबरोबर सकाळ, दिवस आणि रात्र अशा तीन चित्रांचा संच येत असे. पण त्याच्या वेळा कायमच्या ठरलेल्या होत्या. जून असो की डिसेंबर, सकाळ त्याच ठोक्याला. बऱ्हाणपुरात मात्र २१ जूनला सूर्य सुमारे ५ वाजून ४४ मिनिटांनी उगवतो आणि २२ डिसेंबरला जवळजवळ सातला.

या प्रकरणात आपण हा सव्वा तासाचा फरक पडद्याला शिकवणार आहोत. त्यासाठी विकत काहीच घ्यायचं नाही. लिनक्स असलेला कोणताही जुनापुराणा संगणक, एकाच जागेवरून काढलेले चार फोटो आणि शे-दीडशे ओळींच्या आत बसणारी एक शेल स्क्रिप्ट एवढ्यावर भागतं. इथल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत टंकायच्या.

शेल म्हणजे कोण?

टर्मिनलच्या काळ्या खिडकीत आपण जे टंकतो, ते वाचून कामाला लावणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. युनिक्सचा पहिला शेल केन थॉम्प्सन यांनी १९७१मध्ये लिहिला. १९७९मध्ये स्टीव्ह बोर्न यांचा शेल आला. त्यात अटी, फेरे आणि चलं होती, त्यामुळे आज्ञांची यादी फाइलमध्ये लिहून ती प्रोग्रॅमसारखी चालवता येऊ लागली. आज बहुतेक लिनक्स संगणकांवर असतो तो ‘बॅश’ शेल ब्रायन फॉक्स यांनी १९८९मध्ये ग्नू प्रकल्पासाठी लिहिला.

शेलला स्वतःला फार थोडं येतं. त्याला चित्र काढता येत नाही, सूर्य कुठे आहे ते माहीत नसतं आणि बॅशला तर दशांश अपूर्णांकांची बेरीजही जमत नाही. त्याची ताकद इतरांकडून काम करून घेण्यात आहे. तारीख सांगायला ‘डेट’, गणिताला ‘ऑक’, मजकुरात अदलाबदल करायला ‘सेड’, चित्राला ‘इमेजमॅजिक’, डेस्कटॉपची सेटिंग बदलायला ‘जीसेटिंग्ज’. प्रत्येक जण एकच काम करतो, आणि शेल एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हाती देतो. त्यासाठी वापरायची उभी रेघ, म्हणजे ‘पाइप’, १९७३मध्ये युनिक्समध्ये आली.

बऱ्हाणपूरच्या वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल. जहांगीराच्या काळात, १६१५च्या सुमारास, इथे इराणी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या उतारावर मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात उतरतं आणि शंभराहून अधिक कुंड्यांच्या माळेतून, कोणताही पंप न लावता, केवळ उतारामुळे शहराकडे वाहत येतं. एका कुंडीला पुढच्या कुंडीपलीकडचं काही ठाऊक असण्याची गरज नाही. आलेलं पाणी पुढे सोडायचं, इतकंच तिचं काम. पाइपने जोडलेल्या आज्ञाही अशाच चालतात. फरक एवढाच की त्यांच्यातून मजकूर वाहतो. म्हणून मधली एखादी आज्ञा काढून तिच्या जागी दुसरी बसवली, तरी बाकीची माळ तशीच राहते.

सूर्याचं गणित

सूर्योदयाची वेळ इंटरनेटवरून रोज उतरवून घेता येते. पण नेट नसलं की ती स्क्रिप्ट बंद, म्हणून गणित आपणच केलेलं बरं. शाळेतली त्रिकोणमिती त्याला पुरते.

पहिली पायरी म्हणजे आज वर्षातला कितवा दिवस आहे ते काढणं. डेट या आज्ञेला अधिक चिन्ह, टक्का चिन्ह आणि ‘जे’ हे अक्षर दिलं की ती तो आकडा सांगते. दुसरी पायरी म्हणजे सूर्याची क्रांती, अर्थात सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते. दिवसाच्या आकड्यात २८४ मिळवायचे, ३६०ने गुणून ३६५ने भागायचं, आलेल्या कोनाची ज्या घ्यायची आणि २३.४४ने गुणायचं. २१ जूनला उत्तर २३.४४च्या आसपास येतं, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी जवळजवळ शून्य, २२ डिसेंबरच्या सुमारास उणे २३.४४.

तिसऱ्या पायरीत बऱ्हाणपूर येतं. गावाचा अक्षांश २१.३१ उत्तर. अक्षांशाची स्पर्शज्या गुणिले क्रांतीची स्पर्शज्या, त्याला उणे चिन्ह, आणि त्या संख्येचा व्यस्त कोटिज्या-कोन. एवढं केलं की मध्यान्हीपासून सूर्यास्तापर्यंत सूर्य किती अंश सरकतो ते कळतं. २१ जूनसाठी हा कोन पावणेशंभर अंश येतो. पंधरा अंशांचा एक तास, म्हणजे अर्धा दिवस ६ तास ३९ मिनिटांचा. वातावरण सूर्यकिरणांना वाकवतं आणि सूर्यबिंबाला स्वतःची रुंदीही आहे, त्यामुळे दोन्ही टोकांना चारेक मिनिटं वाढतात. जूनमधला सर्वांत मोठा दिवस १३ तास २६ मिनिटांचा होतो आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान १० तास ५० मिनिटांचा.

शेवटी मध्यान्हीची वेळ: बारा वाजता, अधिक रेखांशाची पंचवीस मिनिटं, अधिक-उणे पृथ्वीच्या कक्षेमुळे पडणारा फरक. त्यातून अर्धा दिवस वजा केला की सूर्योदय आणि मिळवला की सूर्यास्त.

हे सगळं ऑकच्या दहा-बारा ओळींत बसतं. अल्फ्रेड अहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निघन यांनी १९७७मध्ये बेल लॅब्समध्ये ही छोटी भाषा रचली. तिचं नाव म्हणजे या तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं. तिला ज्या आणि कोटिज्या काढता येतात आणि दशांश अपूर्णांकही चालतात. कोन मात्र तिला अंशांत चालत नाहीत, रेडियनमध्ये लागतात. म्हणून प्रत्येक कोनाला आधी पायने गुणून १८०ने भागायचं. हे राहिलं तर स्क्रिप्ट कुरकुर करत नाही, फक्त सूर्योदय भलत्याच वेळी दाखवते. तेव्हा पहिल्या दिवशी पंचांगातली किंवा वर्तमानपत्रातली वेळ शेजारी ठेवून पडताळा घ्यावा. दोन-तीन मिनिटांचा फरक चालेल, अर्ध्या तासाचा आला तर कोनांचं एकक तपासावं.

या गणितातून एक गंमतही हाती लागते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यावर क्रांती २१.३१ अंशांना पोहोचते. त्या दोन दिवशी मध्यान्हीला बऱ्हाणपुरात सरळ उभ्या काठीची सावली पडत नाही. या दोन तारखांच्या मधल्या काळात मध्यान्हीचा सूर्य इथे उत्तरेकडे असतो. हवं तर स्क्रिप्टला त्या दिवसांसाठी वेगळं चित्र लावायला सांगता येईल.

शून्याचा सापळा

शेल स्क्रिप्ट शिकणाऱ्या बहुतेकांना एक विचित्र अनुभव येतो. तासाप्रमाणे वॉलपेपर बदलणारी स्क्रिप्ट सकाळी सातपर्यंत नीट चालते, आठला आणि नऊला त्रुटी दाखवते आणि दहाला आपोआप सुधारते. माणूस चक्रावून जातो, कारण स्क्रिप्टमधलं एकही अक्षर बदललेलं नसतं.

कारण बॅशच्या जुन्या सवयीत आहे. शून्याने सुरू होणारी संख्या दिसली की बॅश ती अष्टमान पद्धतीतली समजतो. त्या पद्धतीत शून्य ते सात एवढेच अंक असतात. डेट आज्ञा तास देते तो दोन अंकी: ०६, ०७, ०८. सहा आणि सात दोन्ही पद्धतींत सारखेच, म्हणून कुठे अडत नाही. ०८ आणि ०९ हे मात्र अष्टमानात अस्तित्वातच नाहीत, म्हणून बॅश अडतो. दहाच्या सुरुवातीला शून्य नाही, त्यामुळे तिथून पुन्हा सुरळीत.

अडून बसणारी चूक परवडली, कारण ती निदान दिसते. वर्षाच्या दिवसाचा आकडा तीन अंकी येतो आणि तिथे चूक न बोलता घडते. १८ मार्च हा वर्षातला ७७वा दिवस, डेट त्याला ०७७ म्हणते. बॅशने ती संख्या अष्टमानातली म्हणून वाचली की उत्तर येतं ६३, म्हणजे ४ मार्च. त्रुटीचा संदेश नाही, काही नाही. पडद्यावरचा सूर्य मात्र दहाएक मिनिटं उशिरा उगवतो. १० एप्रिलपासून आकडा शंभरीत जातो, पुढचं शून्य नाहीसं होतं आणि सगळं बरोबर दिसायला लागतं. अशी स्क्रिप्ट मे महिन्यात लिहून तपासली, तर ती पुढच्या जानेवारीपर्यंत निर्दोष वाटेल.

उपाय साधे आहेत. टक्का चिन्ह आणि अक्षर यांच्यामध्ये उणे चिन्ह घातलं की डेट पुढची शून्यं गाळते. किंवा बॅशला संख्येआधी १० आणि # हे चिन्ह लिहून ‘ही दशमानातलीच आहे’ असं बजावता येतं. किंवा गणित सरळ ऑककडे सोपवावं, कारण बाहेरून आलेला ०७७ हा त्याच्या लेखी ७७च असतो.

चोवीस तासांची फाइल

वेळा हाती आल्यावर चित्रं लावायची. दर मिनिटाला स्क्रिप्ट चालवून चित्र बदलणं हा एक मार्ग आहे. जीनोममध्ये त्याहून नीटस सोय आहे. एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये दिवसाचं वेळापत्रक लिहून दिलं की डेस्कटॉप स्वतःच एका चित्रातून दुसऱ्या चित्रात विरघळत जातो. या फाइलमध्ये दोनच प्रकारचे तुकडे असतात. ‘स्टॅटिक’ म्हणजे चित्र इतके सेकंद स्थिर ठेव. ‘ट्रान्झिशन’ म्हणजे या चित्रातून त्या चित्रात इतक्या सेकंदांत जा. सुरुवातीला आरंभाची तारीख आणि वेळ द्यायची.

२१ जूनचं बऱ्हाणपूरचं वेळापत्रक असं होईल. मध्यरात्रीपासून रात्रीचा फोटो १७,९४० सेकंद, म्हणजे पहाटे ४ वाजून ५९ मिनिटांपर्यंत. मग २,७०० सेकंदांत, पाऊण तासात, रात्रीच्या फोटोतून सकाळच्या फोटोत प्रवेश. तो संपतो नेमका सूर्योदयाला, ५ वाजून ४४ मिनिटांनी. सकाळचा फोटो ३,६०० सेकंद स्थिर. मग दोन तासांत, ७,२०० सेकंदांत, दुपारच्या फोटोत. दुपार ३२,१६० सेकंद. ५ वाजून ४० मिनिटांपासून दीड तास, ५,४०० सेकंद, संध्याकाळ उतरत जाते आणि ७ वाजून १० मिनिटांनी, सूर्यास्ताला, पूर्ण होते. पुढच्या २,७०० सेकंदांत संध्याकाळ रात्रीत मिसळते. उरलेले १४,७०० सेकंद रात्र. एकूण बेरीज ८६,४००.

ही बेरीज चुकता कामा नये. फाइल संपली की डेस्कटॉप ती पुन्हा पहिल्यापासून लावतो. बेरीज साठ सेकंदांनी कमी भरली, तर वेळापत्रक रोज एक मिनिट पुढे सरकतं आणि महिन्याभरात सकाळ अर्धा तास आधी उगवते. म्हणून शेवटच्या तुकड्याचे सेकंद हाताने लिहायचेच नाहीत. ८६,४००मधून आधीची सगळी बेरीज वजा करून ते काढण्याचं काम स्क्रिप्टवर सोपवावं.

स्क्रिप्ट रोज मध्यरात्रीनंतर एकदा चालते, त्या दिवसाचा सूर्योदय-सूर्यास्त काढते, नवी फाइल लिहिते आणि जीसेटिंग्जमार्फत तिचा पत्ता डेस्कटॉपला सांगते. फाइलच्या नावात तारीख घालावी. पत्ता रोज नवा असला की डेस्कटॉपला बदल झाल्याचं निश्चित कळतं. २०२२च्या जीनोम ४२पासून गडद रूपासाठी चित्राचा पत्ता वेगळा ठेवलेला असतो. गडद रूप वापरणाऱ्याने दोन्ही ठिकाणी पत्ता द्यावा, नाहीतर स्क्रिप्ट चालूनही पडद्यावर काहीच बदललेलं दिसत नाही.

फोटोंबद्दल एकच आग्रह. चारही फोटो तिकाटण्यावरून, कॅमेरा न हलवता काढावेत. तापीचा राजघाट, शाही किल्ल्याची भिंत किंवा असीरगडाचा डोंगर, विषय कोणताही असो, क्षितिजाची रेघ चारही फोटोंत एकाच जागी हवी. ती सरकली तर विरघळण्याच्या पाऊण तासात पडद्यावर दोन-दोन घाट दिसत राहतात. एकच फोटो असला तरी काम होतं. इमेजमॅजिक त्याचा उजेड आणि रंगांचा गडदपणा टक्क्यांत कमी-जास्त करतं, थोडी निळी छटा चढवतं आणि एका दुपारच्या फोटोपासून कामचलाऊ पहाट आणि रात्र तयार करून देतं.

क्रॉनच्या अडचणी

ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवण्याचं काम ‘क्रॉन’ करतो. त्याच्या तक्त्यात पाच रकाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. ‘५ ० * * *’ असं लिहिलं की रोज रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी स्क्रिप्ट चालते. पॉल व्हिक्सी यांनी १९८७मध्ये लिहिलेल्या क्रॉनचे वंशज आज कित्येक लिनक्स संगणकांवर आहेत. रात्री संगणक बंद असेल तर ती पाळी चुकते. म्हणून तक्त्यात आणखी एक ओळ घालावी: @ चिन्हाला जोडून ‘रीबूट’ आणि पुढे स्क्रिप्टचा पत्ता. तिच्यामुळे संगणक सुरू झाल्यावरही स्क्रिप्ट एकदा चालते.

टर्मिनलमध्ये व्यवस्थित चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमधून मुकी होते, ही तक्रार सर्रास ऐकू येते. आपण टर्मिनल उघडतो तेव्हा डेस्कटॉपने आधीच बरीच माहिती पुरवलेली असते: पडदा कोणता, डेस्कटॉपशी बोलायचा मार्ग कोणता, भाषा कोणती, प्रोग्रॅम कुठे शोधायचे. क्रॉनकडे यातलं जवळजवळ काहीच नसतं. त्यामुळे जीसेटिंग्ज निमूटपणे चालतं आणि बदल मात्र कुठेच पोहोचत नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीला डेस्कटॉपच्या ‘डीबस’ या संदेशवाहिनीचा पत्ता स्पष्ट लिहिला की काम होतं. तो पत्ता रन, मग यूझर, मग आपला वापरकर्ता क्रमांक, मग बस असा असतो. घरच्या संगणकावर पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक बहुधा १००० असतो. संगणक सुरू होताना आपण अजून लॉगिन केलेलं नसतं आणि ही वाहिनीही उघडलेली नसते. म्हणून रीबूटच्या ओळीत मिनिटभर थांबण्याची आज्ञा आधी द्यावी, किंवा ती ओळ सोडून स्क्रिप्ट डेस्कटॉपच्या ‘स्टार्टअप’ यादीत घालावी.

मराठी अक्षरं चित्रावर

चित्राच्या कोपऱ्यात आजच्या सूर्योदयाची वेळ मराठीत हवी असेल, तर दोन ठिकाणी अडखळायला होतं.

पहिली अडचण आकड्यांची. इंग्रजी आकडे देवनागरीत बदलायला सेडमध्ये एका अक्षराची ‘वाय’ ही आज्ञा आहे. एका बाजूला दहा इंग्रजी अंक, दुसऱ्या बाजूला दहा देवनागरी, झालं काम. पण हीच ओळ क्रॉनमधून चालवली की सेड तक्रार करतो की दोन्ही बाजूंची लांबी सारखी नाही. क्रॉनला भाषेची सेटिंग मिळालेली नसते, त्यामुळे सेड अक्षरं न मोजता बाइट मोजतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अंक एका बाइटचा आणि देवनागरी अंक तीन बाइटांचा. दहाच्या समोर तीस उभे राहतात. स्क्रिप्टच्या सुरुवातीला भाषेची सेटिंग यूटीएफ-८ची केली की तक्रार मिटते. तीच सेटिंग मराठी-भारत अशी ठेवली तर डेट आज्ञा वाराचं नावही मराठीत देते.

दुसरी अडचण जोडाक्षरांची. इमेजमॅजिकच्या साध्या मजकूर-आज्ञेला, त्यात अक्षरजुळणीची सोय घालून ते बांधलेलं नसेल, तर देवनागरीचे नियम कळत नाहीत. ‘सूर्योदय’मधला रफार वर न चढता र आणि य सुटे पडतात, ‘रवि’मधली ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन बसते. यावर मार्ग म्हणजे मजकूर ‘पँगो’ या वाचनपद्धतीतून पाठवणं. पँगो अक्षरांची जुळणी नीट करतं. सोबत ‘लोहित देवनागरी’सारखा मुक्त फाँट वापरावा. रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या भाषा-विभागाने हा फाँट वर्षानुवर्षं सांभाळला आहे आणि तो बहुतेक लिनक्स वितरणांत सहज मिळतो.

पृथ्वीच पडद्यावर

फोटो नको, आकाश हवं, अशा वाचकासाठी ‘एक्सप्लॅनेट’ आहे. नव्वदच्या दशकात ‘एक्सअर्थ’ नावाचा छोटा प्रोग्रॅम पडद्यावर पृथ्वीचा गोल काढून त्यावर दिवस आणि रात्रीची सीमारेषा दाखवत असे. त्याच्याच वाटेवर हरी नायर यांनी एक्सप्लॅनेट लिहिला. त्याला अक्षांश २१.३१ आणि रेखांश ७६.२३ दिले की बऱ्हाणपूर मधोमध असलेली पृथ्वी दिसते. उजेडाची बाजू खऱ्या वेळेप्रमाणे सरकते आणि रात्रीच्या भागात शहरांचे दिवे लागतात. वेगळ्या फाइलमध्ये एका ओळीत अक्षांश, रेखांश आणि नाव लिहिलं की गोलावर गावाचा ठिपका उमटतो.

पूर्वी असे प्रोग्रॅम थेट पडद्याच्या तळाशी चित्र रंगवत. आजच्या जीनोममध्ये तो तळ झाकलेला असतो. म्हणून एक्सप्लॅनेटला चित्र फाइलमध्ये काढायला सांगायचं आणि ती फाइल वॉलपेपर म्हणून लावायची. चित्र आधी तात्पुरत्या नावाने लिहून मग ‘एमव्ही’ आज्ञेने खऱ्या नावावर आणावं. एकाच डिस्कवर हे नामांतर एका क्षणात पूर्ण होतं, त्यामुळे अर्धवट रंगलेली पृथ्वी कधी दिसत नाही.

वीज आणि सावधगिरी

पडद्यामागे सतत व्हिडिओ चालवण्याची साधनंही आहेत. जुन्या एक्स पद्धतीत ‘एक्सविनरॅप’, नव्या वेलँड पद्धतीतल्या काही डेस्कटॉपांवर ‘एमपीव्हीपेपर’. ती देखणी आहेत, पण सेकंदाला तीस चित्रं उलगडायची म्हणजे प्रोसेसरला उसंत नाही आणि लॅपटॉपची बॅटरी झपाट्याने उतरते. दिवसाचं वेळापत्रक चालवणाऱ्या आपल्या स्क्रिप्टला मात्र दिवसातून एकदा, तेही सेकंदभराचं काम आहे. व्हिडिओ हवाच असेल तर स्क्रिप्टमध्ये एक अट घालावी. लिनक्स बॅटरीची स्थिती एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवतं. त्यात ‘डिसचार्जिंग’ हा शब्द दिसला की व्हिडिओ थांबवून साधं चित्र लावायचं. घरची वीज गेली की पडदा आपोआप काटकसरीवर येतो.

शेवटचा इशारा जुन्या फाइली पुसण्याबद्दल. रोज नवी फाइल म्हणजे वर्षाला ३६५, तेव्हा त्या पुसाव्या लागणारच. पुसणारी ‘आरएम’ आज्ञा परत विचारत नाही. फोल्डरचं नाव एखाद्या चलात ठेवलं असेल आणि ते चल काही कारणाने रिकामं राहिलं, तर ‘या फोल्डरमधलं सगळं पुस’ याचा अर्थ ‘संगणकावरचं सगळं पुस’ असा होतो. जानेवारी २०१५मध्ये स्टीम या गेमांच्या दुकानाच्या लिनक्स स्क्रिप्टमधली अशीच एक ओळ उघडकीला आली. तिने वापरकर्त्यांच्या फाइली साफ केल्या होत्या. स्क्रिप्टच्या वरच्या भागात ‘सेट’ आणि उणे ‘यू’ लिहिलं की न भरलेलं चल दिसताच बॅश तिथेच थांबतो. चल भरलं गेलं पण रिकाम्या मजकुराने, तर ही ओळ मदत करत नाही. म्हणून पुसण्याआधी नाव रिकामं नाही ना, ही तपासणी वेगळी लिहावी. फाइलींची नावं नेहमी अवतरणचिन्हांत ठेवावीत, कारण ‘राज घाट’ असं मध्ये जागा सोडलेलं नाव शेलला दोन वेगळ्या फाइली वाटतात.

शेल शिकण्यासाठी वॉलपेपर हा विषय मुद्दाम निवडण्यासारखा आहे. यात चूक झाली तर कुणाचा पगार अडत नाही, हिशेब बिघडत नाही, आणि स्क्रिप्ट बरोबर की चूक ते खिडकीबाहेर पाहून कळतं. तारीख, गणित, फाइल, वेळापत्रक, भाषा आणि सुरक्षितता असे शेलचे सगळे धडे एवढ्याशा कामात येऊन जातात. स्क्रिप्ट लिहिताना अक्षांश आणि रेखांश हे दोन आकडे अगदी वरच्या ओळींत ठेवा. मग रावेर असो, जळगाव असो की नांदेड, ते दोन आकडे बदलले की तीच स्क्रिप्ट तुमच्या गावची होते. ती शेजाऱ्याला द्या आणि त्याचे दोन आकडे त्यालाच भरायला सांगा.